जपान सुटल्यानंतरच्या लेलेबाई

लेलेबाईंकडे काही मागायचं असेल तर ते जपान सुटायच्या आत मागावं, हा आमच्या ऑफिसातला पहिला नियम. कंपनीचे बाकीचे नियम एका जाड पुस्तिकेत छापलेले होते आणि ते कुणीच वाचत नसे. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण मोडणारा तो एकदाच मोडायचा.

जपानचं घड्याळ आपल्या पुढे. तिकडे संध्याकाळ होऊन कचेरी सुटते, तेव्हा इकडे हिंजवडीत आमची जेवणं होऊन डोळे पेंगत असतात. आमची कंपनी एका जपानी कारखान्यासाठी सॉफ्टवेअर करायची आणि लेलेबाई आमच्या दुभाषी. जपान सुटेपर्यंत त्या फोनवर असायच्या, आणि फोनवरच्या लेलेबाई म्हणजे निव्वळ साखरेचा पाक. आवाज दोन पट्ट्या वर चढलेला, प्रत्येक वाक्याला हसू आणि प्रत्येक हसण्यानंतर माफी. पलीकडचा माणूस हजारो मैलांवर, पण बाई इकडे खुर्चीतून उठून कमरेत वाकायच्या. अशा वेळी आपण हळूच रजेचा विषय काढला तर त्या जपानी हसू तोंडावर तसंच ठेवून मान डोलवायच्या.

जपान सुटला की चष्मा कपाळावरून नाकावर यायचा आणि सदाशिव पेठ सुरू व्हायची.

मी अमरावतीचा. आमच्याकडे ओळख नसलेल्या माणसालाही आधी चहा पाजतात आणि मग नाव विचारतात. मला कोण सांगणार हा नियम? पहिल्याच आठवड्यात भरदुपारी त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणालो, "मॅडम, जरा वेळ आहे का?"

"वेळ सगळ्यांकडे असतो. तुमच्यासाठी आहे का, असं विचारायचंय ना? नाही."

सकाळी याच बाईंनी माझ्यादेखत एका जपान्याची त्याच्या सर्दीबद्दल तीनदा क्षमा मागितली होती. सर्दी त्याला झाली होती, आणि तीही जपानात. मी जागेवर येऊन बसलो आणि सकाळी आपण नक्की कुणाला पाहिलं, याचा विचार करत राहिलो. तो विचार अजून संपलेला नाही.

जपान्यांना 'ल' म्हणता येत नाही, त्यामुळे तिकडे त्या झाल्या रेरेसान; 'सान' म्हणजे आपलं 'बाई' नाहीतर 'राव'. आम्हीही दोन्ही नावं वापरायला लागलो. "आत कोण आहे? रेरेसान की लेलेबाई?" असं विचारूनच आम्ही दार ढकलायचो. त्या वेळी आमच्या काचेच्या इमारतीसमोर अजून ऊस उभा होता आणि उसाच्या कडेला एक चहाची टपरी होती. जपानी पाहुण्यांना गाडीपर्यंत वाकून वाकून निरोप देणाऱ्या बाई, आणि चहात साखर जास्त पडली म्हणून कप परत करणाऱ्या बाई, दोघी त्या टपरीवाल्या मामांनी पाहिल्या होत्या. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सायेब, ह्या जुळ्या भैणी हायत का वो?"

मी म्हणालो, "मामा, कल्पना नाही."

आमच्या टीममधली शाल्मली जपानी कार्टूनं बघण्यात पटाईत होती. तिला काही कोडं पडलं नव्हतं. "सर, सिंपल आहे. प्रत्येक सिरीजमध्ये असं एक साइड कॅरेक्टर असतंच. हीरोला चहा देणार, सॉरी सॉरी करणार, आणि मग काहीतरी ट्रिगर होतं की तीच बाई अख्खं गाव उलटंपालटं करणार. डबल पर्सनॅलिटी. आपण फक्त ट्रिगर शोधायचा."

तिच्या मते ट्रिगर म्हणजे कानावरचा हेडफोन. तो कानावर असेपर्यंत रेरेसान, उतरला की लेलेबाई. हा सिद्धांत आम्हाला सगळ्यांना पटला, आणि पुढच्याच महिन्यात त्याचे बारा वाजले.

झालं असं की एका मीटिंगमध्ये आमच्या एका माणसाने तिकडच्या संचालकांना चुकीची फाइल पाठवली. बाईंनी फोनमध्ये गोड आवाजात माफी मागितली, आपला आवाज बंद करायचं बटण दाबलं आणि वळून त्या माणसाची मराठीत जी काही सालटी काढली, ती ऐकून आम्ही असे गारठलो की एसी बंद करावा लागतो की काय असं वाटलं. "डोकं घरी ठेवून येता का? बसमध्ये जागा नव्हती त्याला?" वगैरे. हेडफोन कानावरच होता. आणि बटण नीट दाबलं गेलं नव्हतं. जपान सगळं ऐकत होता.

 मग संचालकांनी अतिशय अदबीने काहीतरी विचारलं. बाईंचा चेहरा क्षणभर कोरा झाला, आणि मग रेरेसानच्या आवाजात त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. नंतर आम्हाला अर्थ कळला. संचालकांनी विचारलं होतं, "खोलीत दुसऱ्या एक बाई आहेत का?" आणि रेरेसान म्हणाल्या होत्या, "हो, त्या आमच्या इथल्याच आहेत. स्वभाव जरा तसा आहे. मी त्यांच्या वतीने क्षमा मागते."

तेव्हापासून जपान दर मीटिंगच्या शेवटी त्या दुसऱ्या बाईंची प्रकृती विचारू लागला. नव्या वर्षाला तिकडून मिठाईचे दोन डबे आले, एक रेरेसानसाठी, एक त्या दुसऱ्या बाईंसाठी. लेलेबाईंनी दोन्ही डबे टेबलावर ठेवले. "रेरेसानचा आहे तो तुम्ही खा. त्या देतात. हा माझा आहे, याला हात लावायचा नाही." आणि खरोखरच दुसरा डबा पिशवीत घालून घरी नेला. यात विनोद कुठे संपला आणि बाई कुठे सुरू झाल्या, हे मला तेव्हाही कळलं नाही.

शाल्मलीने शेवटी धीर करून, अर्थातच सकाळच्या वेळी, आपल्या कार्टूनमधल्या त्या चहावाल्या बाईचा विषय त्यांच्यापुढे काढला. नेमका त्याच वेळी फोन संपला, आणि उत्तर लेलेबाईंकडून आलं.

"बघितलंय मी ते. सगळे भाग बघितलेत. तुम्हा मुलांना एवढं साधं कळत नाही? ती गोड बोलते ते परक्यांशी. खेकसते ते आपल्या माणसांवर. यात डबल काय आहे? लागा कामाला."

आम्ही लागलो कामाला. पण माझा गोंधळ वाढला. ऑफिसात त्या सगळ्यात जास्त खेकसायच्या ते माझ्यावर. म्हणजे मी त्यांचा सगळ्यात जवळचा समजायचा का? विचारणार कसं?

याचं उत्तर त्यांनीच दिलं, तेही त्यांच्या पद्धतीने. एक दिवस त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि माझ्या गळ्यातलं ओळखपत्र हातात धरून त्याची मागची बाजू वाचू लागल्या. त्यावर रक्तगट छापलेला असायचा.

"बी पॉझिटिव्ह. बरोबर आहे ना? की तेही तुमच्या कोडसारखं?"

"बरोबर आहे."

"अण्णांचं ऑपरेशन आहे. हृदयाचं. रक्त द्यायला माणूस आणा म्हणालेत. नातेवाईक उरलेले नाहीत. तुम्ही आहात." आणि त्या निघून गेल्या. त्यांना वडील आहेत, हे मला तेव्हा समजलं.

मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी रक्त दिलं आणि ते देताना अण्णांनाही भेटलो. आयुष्यभर दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी केलेला माणूस. तिथला थोडा माल त्यांनी घरीही आणला असावा. मला पाहून म्हणाले, "हे रक्त देणार? यांना स्वतःला पुरतंय का?" लेलेबाई म्हणाल्या, "मिळतंय ते घ्या. निवड करायला ही मंडई नाही." "मंडईत तू तरी कधी निवडून आणलंस? वांगी किडकीच." "मग उद्यापासून तुम्ही जा." हे चाललं असताना बाई त्यांची उशी सरळ करत होत्या आणि अण्णा आपलं डोकं उचलून देत होते. सवयीचं काम असावं. नजर मात्र दोघांनी एकमेकांकडे वळवली नाही.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वय फार आहे, काही सांगता येत नाही. बाईंनी मांडीवरच्या पर्सची चेन दोनदा उघडून लावली. मग अचानक म्हणाल्या, "तुमच्याकडे अमरावतीत अशा वेळी काय बोलतात हो?"

"आमच्याकडे रडतात."

"आणि?"

"गळ्यात पडतात. बाबा, तुम्हाला काही होणार नाही, आम्हाला तुमच्याशिवाय कोण आहे, असं सगळं बोलतात. मग जेवतात."

त्या हसल्या नाहीत. "आई गेल्यापासून आमच्या घरात एक वाक्य सरळ बोललं गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडून नाही, माझ्याकडून नाही. तोंड उघडलं की हेच बाहेर पडतं. उद्या ते आत जातील आणि मी विचारेन, कवळी काढलीत का. समजा, ते शेवटचं ठरलं तर?"

मला फार वाईट वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा अमरावतीत जन्मल्याचं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनच्या खोलीसमोर मीही होतो. अण्णांना ढकलगाडीवरून आणलं. अंगावर हिरवा कपडा, चेहरा एवढासा झालेला. लेलेबाई पुढे झाल्या. ओठ हलले, आणि बाहेर पडलं, "कवळी काढलीत का?"

"काढली. तुला हवीय का?" अण्णा म्हणाले. "जा तू ऑफिसला. तुझे जपानी खोळंबले असतील."

वॉर्डबॉय गाडी ढकलायला लागला. बाई दोन पावलं बरोबर चालल्या, थांबल्या. मग त्यांनी पदर सावरला, दोन्ही हात पुढे जुळवून ठेवले, आणि त्या कमरेतून वाकल्या. इतक्या खाली वाकलेलं मी त्यांना संचालकांपुढेही पाहिलं नव्हतं. आणि तो दोन पट्ट्या वरचा, पातळ, थरथरता आवाज दवाखान्याच्या त्या बोळात जपानी बोलू लागला. लांबलचक वाक्यं होती. एरवी असायचं ते हसू तेवढं त्यात नव्हतं.

गाडी थांबली. अण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतेय ही?"

मी बाईंकडे पाहिलं. दुभाषी त्या होत्या, पण त्या वाकलेल्याच राहिल्या. कंपनीच्या वर्गात त्यांनीच मला मारूनमुटकून शिकवलेलं थोडं जपानी मला येत होतं. मी अडखळत सांगितलं, "त्या म्हणतायत, आजवर आपण मला सांभाळलंत. माझ्याकडून फार उद्धटपणा झाला, त्याची क्षमा असावी. आणि यापुढेही असंच सांभाळून घ्यावं, अशी विनंती आहे."

अण्णा छताकडे बघत राहिले.  बाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर होत्या, पण ते माझ्याशीच बोलले.

"तिला सांगा, उद्धटपणा घराण्यातला आहे. तिचा दोष नाही." मग थोडं थांबून, हळू आवाजात, "आणि सांगा, सांभाळतो म्हणावं."

मी लेलेबाईंकडे वळलो. "मॅडम, ते म्हणतायत, सांभाळतो—"

"ऐकू आलं मला," त्या खेकसल्या. "बहिरी नाहीये मी."

पण त्या काही सरळ झाल्या नाहीत. गाडी आत गेली, दार लागलं, वरचा लाल दिवा लागला, तरी त्या तशाच वाकून उभ्या होत्या. मी त्यांची पर्स उचलून घेतली आणि शेजारी थांबलो.