विसाजीपंतांच्या परताव्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. ऐकिले तैसे लिहितो, पदरचे तिखटमीठ लाविले नाही. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरे, वैशाखमासी विसाजीपंत नेऊरगावकर चाकरीनिमित्त राज्य सोडोन समुद्रापार गेले, आणि कुटुंब सगुणाबाई घरी राहिली. पंत तिकडे राबत, तरी धन्याची पेढी जुन्या सवयीने पगारातून इकडील राज्याचा कर कापीतच राहिली. कायदा ऐसा की, निम्मे वर्षही जो राज्यात राहिला नाही त्याचे परमुलखातील कमाईवर कर नाही. मग पंतांनी मनी योजिले की, कापिले द्रव्य परत मिळवावे आणि त्यावर सगुणेस तिकडे न्यावे. बाईचा फोन आधी रोज येई, मग आठवड्याने, मग येईनासा जाहला, आणि पंतांचा जीव खालीवर होऊ लागला. तातडीने अर्ज केला, तो उत्तर आले की, आपण वर्षभर राज्यातच आहा, सबब परतावा नामंजूर. पंत बोलिले, "डोके फिरले की काय यांचे!" आणि येण्याजाण्याचे शिक्के असलेले परवान्याचे बुक बगलेत मारोन, विमानी बैसोन, करकचेरीत स्वतः दाखल जाहले.

तेथील अंमलदार हैबतराव, माणूस फार अदबीचा. त्यांनी बुकावरील शिक्के पाहिलेदेखील नाहीत, आपली वही पुढे केली. वहीत अवघे वर्षभर पंतांची हजेरी: न्हाव्याकडे दाढी केली, सोसायटीचे सभेत भांडले, शेजारी सत्यनारायणाचा प्रसाद घेतला, आणि दर नोंदीपुढे सही. पंतांनी निरखोन पाहिले तो अक्षर त्यांचेच. हैबतराव बोलिले, "शिक्के काय, कोणीही मारितो. घरचे माणसाची साक्ष ती खरी. बाईंस बोलाविले आहे." तोच सगुणाबाई आत आल्या, आणि मागोमाग त्यांची पिशवी घेऊन विसाजीपंत आले. तेच नाक, तेच टक्कल, आणि पायी त्याच चपला ज्या पंत घरी टाकोन गेले होते. ते पंतांकडे पाहोन ओळखीचे हसले. हैबतराव म्हणाले, "घाबरू नये. दरसाल ऐसी दहावीस प्रकरणे येतात."

पंत ओरडले, "सगुणे, अगं हा कोण?" बाई म्हणाली, "अहो, निघताना 'येतो' म्हणालात ना? दिवेलागणीस दार वाजले, उघडिते तो हे उभे. मीही भ्याले. तीन दिवस पान वाढिले नाही. मग मला ताप भरला, तेव्हा हे उशाशी बसले. तुम्ही फोनवर म्हणालात, मीटिंग चालू आहे." पंत बोलिले, "अगं, तुला न्यायलाच तर हा सारा खटाटोप!" बाई म्हणाली, "ठाऊक आहे हो मला," आणि पदर डोळ्यांस लाविला. मग हैबतरावांनी शपथ घालोन पुसिले, "बाई, राज्य सोडोन गेला तो कोणता, आणि राहिला तो कोणता?" बाई पुष्कळ वेळ रडली, आणि मग पंतांकडे बोट करोन बोलिली, "हे गेले." हैबतरावांनी तत्क्षणी शिक्का मारिला आणि म्हणाले, "अभिनंदन, पंत. परतावा मंजूर, व्याजासह."

येणेप्रमाणे जाहले. पंतांचा अर्ज खरा ठरला, कायदा पाळिला गेला, द्रव्य पैन् पै पोहोचले, आणि पंतांनी त्यातून माघारीचे एकच तिकीट काढिले.