मालनच्या उचकीची चौकशी

धंद्याच्या ईमेलमध्ये 'आम्हाला तुमची आठवण येते' असं लिहिलं, तर ती ज्याला मिळेल त्याला उचकी लागलीच पाहिजे, असा कायदा आहे. उचकी लागली नाही, तर ती खोटी जाहिरात धरतात आणि उचकी खात्याचे निरीक्षक दुकानात येतात. छोट्या व्यावसायिकांना यातून सूट नाही. मोठ्या कंपन्या आठवणी काढायला पगारी माणसं ठेवतात, असं ऐकतो. आमच्या पिसाळ मसाल्यात ते काम माझी बायको कौसल्या करते.

आमची वाटणी सरळ आहे. मी ईमेल लिहितो, ती आठवण काढते. मी एकदा स्वतः प्रयत्न करून पाहिला होता. इचलकरंजीच्या एका गिऱ्हाइकाची आठवण काढायला गल्ल्यावर बसलो आणि थोड्याच वेळात घोरायला लागलो. कौसल्येचं तसं नाही. मिरच्यांची देठं काढता काढता ती नुसतं एवढंच म्हणते, "त्या नांदेडच्या बाई औंदा काय आल्या न्हाईत," की तिकडं नांदेडला त्या बाईंना जेवता जेवता ताट बाजूला सारावं लागतं. कौसल्येला त्यांचं नावही धड माहीत नसतं. त्यांच्या सुनेला तिखट सोसत नाही, एवढं मात्र माहीत असतं.

कायदा तसा शहाणपणाचा आहे. ईमेलखाली दुकानाचं खरं नाव आणि पूर्ण पत्ता द्यावा लागतो, कारण उचकी कुणाची हे कळल्याशिवाय माणूस ती थांबवणार कशी? नाव घेतलं की थांबते. पत्ता अर्धवट असला तर उचकीही अर्धवटच थांबते, आणि मग फार हाल होतात. शिवाय पत्ते विकत घ्यायला बंदी आहे. आमच्या शेजारच्या रेडिमेडवाल्या पोपटरावांनी पुण्यातल्या अनोळखी लोकांचे पत्ते कुठूनसे मिळवले, आणि मग त्यांना एकेकाची आठवण काढत बसावं लागलं. ज्याला जन्मात पाहिलं नाही त्याची आठवण काढणं म्हणजे काय, हे त्यांच्या तोंडाकडं बघून कळायचं. शेवटी दुकानाला कुलूप लावून ते सासुरवाडीला जाऊन राहिले.

विषयाच्या ओळीतही खरंच लिहावं लागतं. मी एका दिवाळीला हौसेनं 'गोडा मसाला: शेवटची संधी' असं लिहिलं. खात्यानं ते वाचलं, आणि तेव्हापासून आम्ही गोडा मसाला करत नाही. "दुसरं कायतरी लिवायचं हुतं की," असं कौसल्या अजून म्हणते, आणि नेमकं पाहुण्यांसमोर म्हणते.

पण सगळ्यात कडक नियम वेगळाच आहे. प्रत्येक ईमेलच्या तळाशी, म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या अक्षरात, 'उचक्या बंद करा' असं लिहावं लागतं. तिथं कुणी बोट लावलं की दहा दिवसांच्या आत आमच्याकडून त्या माणसाची आठवण बंद झाली पाहिजे. कारण विचारायचं नाही, मनधरणी करायची नाही, परत या म्हणायचं नाही. लोक बंद करतातही. कुणाची परीक्षा असते, कुणी कीर्तनकार असतो. कौसल्या "बरं" म्हणते आणि त्या माणसाला विसरते. विसरण्यातही तिचा हात बसलेला आहे.

मग एका सकाळी मालननं बंद केलं.

मालन म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, बबनची बायको. मसाल्याचा धंदा काढला तो या दोघी जावांनी; मी आणि नोकरीवरून सुटल्यावर बबन पोती उचलायला होतो. ईमेल सुरू केल्या तेव्हा पहिला पत्ता मालनचाच घातला, कारण उचकी नीट पोचते की नाही हे कुणावर तरी बघायला हवं होतं. ती मागच्या खोलीत बसायची, कौसल्या पुढं, आणि उचकी आली की आतून हसण्याचा आवाज यायचा. पुढं एकदा कौसल्येनं भाजलेल्या मसाल्याची चिमूट नाकाशी धरून मालननं चार बायकांदेखत विचारलं, "जरा खाली लागलंय का?" मसाल्याच्या घरात यापेक्षा मोठी शिवी नाही. कौसल्या म्हणाली, "मग हितनं म्होरं तूच भाज." मालननं हातातलं उलथणं खाली ठेवलं आणि ती आत गेली.

त्यानंतर बबनची सोलापूरला बदली झाली. निघताना मालन उंबऱ्यात उभी राहून सगळ्यांना "येते" म्हणाली, मांजरालासुद्धा म्हणाली, फक्त कौसल्येला म्हणाली नाही. तेव्हापासून दोघी एकमेकींचं नाव घेत नाहीत. घरात विषय निघालाच तर आम्ही 'सोलापूर' म्हणतो. तरी ईमेल जात होत्या. मालननं त्या बंद केल्या नव्हत्या, आणि तिचा पत्ता काढून टाक असं कौसल्येनंही मला कधी सांगितलं नव्हतं. एवढं तरी राहिलंय तर राहू दे, असं मला वाटायचं.

"सोलापूरनं बंद केलं," मी सांगितलं.

"बरं," कौसल्या म्हणाली. त्या दिवशीचा मसाला मात्र खरोखरच खाली लागला.

दहा दिवस सरले आणि उचकी खात्याचे निरीक्षक गवंडी साहेब आले. सडपातळ, शांत गृहस्थ. चहा नको म्हणाले, कारण चौकशी चालू असताना निरीक्षकाला स्वतःला ठसका लागलेला चालत नाही. त्यांनी पिशवीतून कागद काढला.

"तक्रारदार मालन बबन पिसाळ, सोलापूर. उचक्या बंद करण्याची सूचना रीतसर दिली असूनही उचक्या चालू आहेत. विशेषतः सकाळी, मिरच्या भाजायच्या वेळेस."

मी थोडी वकिली करून पाहिली. "साहेब, आमचा माल तिखट आहे. तिखटानंही उचकी लागते."

"तिखटाची उचकी पाण्यानं जाते, आठवणीची नावानं. कायद्यात हा फरक स्पष्ट आहे. तक्रारदारांनी पाणी पिऊन पाहिलेलं आहे. शिवाय त्या तुमचा मसाला वापरत नाहीत."

"वापरत न्हाई?" कौसल्येनं मान वर केली. "मग कुनाचा वापरती?"

"ते माझ्या कक्षेत येत नाही," गवंडी साहेब म्हणाले.

मग त्यांनी परिणाम वाचून दाखवला. आठवण आज बंद झाली नाही, तर आमच्या ईमेल कायमच्या बंद. आता आमच्या पेठेत जो तो आपला मसाला घरीच करतो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे गावोगाव पांगलेले लोक, त्यांना आम्ही कळवलं तरच ते मागवतात. ईमेल बंद म्हणजे चूल बंद.

गवंडी साहेबांनी सोलापूरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा तो मिरच्यांच्या पाटीशेजारी ठेवला. "दोन्ही पक्षांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही," त्यांनी बजावलं. "ती मनधरणी धरली जाईल. जे काही बोलायचं ते माझ्याशी." फोनमधून मालनच्या उचक्या येत होत्या. हळू, पण एकसारख्या.

"कौसल्याबाई, आता तक्रारदारांना विसरा."

"अगं विसर की," मीही म्हणालो. "आजवर एवढी माणसं विसरलीस."

कौसल्येनं डोळे मिटले. ओठ घट्ट दाबले. कपाळावर आठ्या पडल्या. फोनमधल्या उचक्या दुप्पट वेगानं यायला लागल्या.

"वाढल्या," गवंडी साहेब म्हणाले.

"मिरचीच्या भावाचा इचार करून बघते," असं म्हणून तिनं पुन्हा डोळे मिटले. उचक्या आणखी वाढल्या. पलीकडून बबनचा आवाज आला, "अवो साहेब, हिला श्वास घिऊ द्या की जरा!"

कौसल्येनं डोळे उघडले ते भरलेले होते. "मला जमत न्हाई, साहेब," ती म्हणाली. "नांदेडच्या बाईला इसरीन म्हनलं तर इसरीन. हिला न्हाई. तुमी दुकान बंद करा."

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला, कारण माझ्यासाठी तिनं साधी एक दुपार दुकान बंद ठेवल्याचं मला आठवत नाही.

गवंडी साहेब कठोर माणूस नव्हते. त्यांनी कागद उलटा केला आणि मागची बाजू वाचली. "एक तरतूद आहे," ते म्हणाले. "हा कायदा धंद्याच्या आठवणींना लागू आहे. आठवण घरगुती असेल तर खातं त्यात पडत नाही. दुकानाच्या नावानं उचकी थांबली तर धंद्याची. माणसाच्या नावानं थांबली तर घरगुती. पण नाव तक्रारदारानं स्वतःच्या तोंडानं घ्यायचं असतं. मालनबाई, प्रथम दुकानाचं नाव घ्या. पत्त्यासकट."

"पिसाळ मसाले," मालन म्हणाली, "गुरुवार पेठ," उचकी, "कन्याशाळेच्या मागं," उचकी, "कऱ्हाड."

"जिल्हा?"

"सातारा."

आम्ही सगळे कान देऊन थांबलो. उचकी आली.

"दुकानाची नाही," गवंडी साहेबांनी लिहून घेतलं. मी सुस्कारा सोडला, पण तो फुकट गेला, कारण ते पुढं म्हणाले, "आता ती कुणाची आहे हे सांगा. मालक सापडला नाही तर उचकी बेवारस ठरते, आणि बेवारस उचकी जवळच्या दुकानाच्या नावावर चढवतात."

मालननं आईचं नाव घेतलं. दोन्ही भावांची घेतली. शाळेतल्या बाईंचं घेतलं, वारलेल्या आत्याचं घेतलं, माहेरच्या म्हशीचंही घेतलं. मग माझं घेतलं, "दादा असतील," म्हणून. मला बरं वाटलं, पण उचकी थांबली नाही.

"अगं घे की आता नाव!" बबन ओरडला. "सगळ्यास्नी ठावं हाय कुनाचं ते."

"मी न्हाई घेनार."

"मालनबाई," गवंडी साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "नाव घेतल्यानं भांडण मिटलं असं कायदा मानत नाही. भांडण चालू ठेवून नाव घेता येतं."

पलीकडं बराच वेळ नुसत्या उचक्या येत राहिल्या. त्यांचा वेग एवढा झाला, की कौसल्या उठून उभी राहिली. दोन्ही हातांनी पदराचा बोळा करून ती फोनकडं बघत होती. बोलायला बंदी होती म्हणून ती बोलली नाही.

मग मालन म्हणाली, "आक्का."

लग्न होऊन आली तेव्हापासून ती कौसल्येला याच नावानं हाक मारायची. दुसरं कुणीच मारत नाही.

पुढची उचकी आली नाही. गवंडी साहेबांनी हाताच्या खुणेनं सगळ्यांना थांबवलं, फोनला कान लावला, आणि पुरेसा वेळ गेल्याची खात्री झाल्यावर लिहिलं. "घरगुती. तक्रार खात्याच्या कक्षेबाहेर. पिसाळ मसाले यांच्या ईमेल पूर्ववत चालू." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "चौकशी संपली. आता पक्षांनी एकमेकांशी बोलायला हरकत नाही."

फोनमधून कुठल्याशा कुकरची शिट्टी ऐकू आली. इकडं दारावरून भंगारवाला ओरडत गेला.

"ठेवते मी," शेवटी मालन म्हणाली.

"ठेव," कौसल्या म्हणाली.

फोन बंद झाला. कौसल्येनं चहा ठेवला आणि आता गवंडी साहेबांनी तो घेतला. साखर बरोबर आहे, असंही म्हणाले. ते कप खाली ठेवत होते, तेवढ्यात कौसल्येला उचकी लागली. एक, आणि मग लगेच दुसरी. साहेबांनी सवयीनं पेन बाहेर काढलं.

"नोंदवायची का? कुणाच्या नावानं थांबते ते घेऊन बघा."

"नगं," कौसल्या म्हणाली.

साहेबांनी पेन खिशात ठेवलं, पिशवी उचलली आणि नमस्कार करून ते गेले. उचकी चालूच होती. मला तिचे हाल बघवेनात. "अगं, नाव घे की," मी म्हणालो. "लगेच थांबेल."

"थांबवायची कुनाला हाय?" असं म्हणून ती मिरच्या भाजायला आत गेली. दिवेलागणीला मी दुकानाची फळी लावली तेव्हाही आतून उचक्या ऐकू येत होत्या, आणि तिनं नाव घेतलं नव्हतं.