पेन्सिलीने केलेली खूण

भट्टीतून चकत्या बाहेर काढल्या आणि धाकटीनं त्या चिमट्यानं उलटसुलट करून पाहिल्या. दोन ठेवल्या होत्या, दोन्ही होत्या. पण त्यांच्यावरचे आकडे पार गायब.

"काका, चार आणि चोवीस कुठं गेले?"

भट्टी सांभाळणारे काका चष्मा कपाळावर चढवून वाकले. "कशानं लिहिलं होतंस?"

"पेन्सिलीनं."

"आणि नऊशे अंशांच्या वाफेत ठेवलंस? जळून गेली की बिचारी!"

मार्गदर्शक बाईंच्या विद्यार्थ्यांत सगळ्यांत लहान, म्हणून ती धाकटी. वय बत्तीस, प्रबंधाचं सातवं वर्ष. एक चकती आधीच चार तास भाजून घेतलेली, दुसरी चोवीस; आज वाफेतून दोन्हींत प्रोटॉन भरायचे होते, एवढंच. जास्त भाजलं की चिनीमातीसारख्या त्या पदार्थातले कण फुगतात, त्यांच्यामधल्या सीमा कमी होतात. प्रोटॉनचं घोडं अडतं ते या सीमांपाशीच. घरात उंबरे कमी, तर ठेचा कमी. इतकी साधी गोष्ट. ती सिद्ध करण्यात सात वर्षं गेली होती. चार वाजता बाई दोन्ही चकत्या तपासणार होत्या, मगच प्रबंधावर सही. घड्याळात पावणेचार झाले होते.

"मोजून बघ ना. ज्यातून प्रोटॉन जास्त धावतील ती चोवीसची."

"तेच तर सिद्ध करायचंय, काका! उत्तर बघून गणित मांडू?"

"मग फोड एक. आतले कण दिसतील."

"आणि चोवीसचीच फुटली तर? चारची काय, उद्या होईल. पण चोवीसच्या सहा तडकल्या, तेव्हा ही एक धड निघाली!"

तिनं चिमट्यात एक चकती धरली, मनात देवाचं नाव घेतलं, आणि नेमक्या बाहेर बाईंच्या चपला वाजल्या. ती दाराकडे वळली, चिमटा निसटला. चकती फरशीवर पडून दुभंगली.

"फुटलीच आहे, तर बघून तरी घे," काका हळूच म्हणाले.

सूक्ष्मदर्शकाखाली तिनं श्वास रोखून पाहिलं. कण अगदी मैद्यासारखे बारीक.

"चारची!" धाकटी ओरडलीच.

"काय फुटलं गं?" बाई दारात उभ्या होत्या.

खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. पेन्सिलीपासून फरशीपर्यंत तिनं सगळं सांगून टाकलं. बाई आत आल्या. त्यांनी आपलं कपाट उघडलं आणि तळातून एक धूळ खाल्लेला डबा काढला. आत बावीस चकत्या, पांढऱ्याशुभ्र. एकीवरही खूण नाही.

"माझ्या प्रबंधाच्या. पुन्हा सगळ्या केल्या, दोन वर्षं गेली. पण या फोडायचा धीर आजवर झाला नाही." बाईंनी आवाज खाली आणला. "काका, दार लोटा. आणि तू बस इथं. तुझ्या हातून छान पडतात. एकेक सोड."