एकानंतर दहा

दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते आणि गुरुवारच्या त्या संध्याकाळी दत्तप्रसाद पाळंदे दुबईत, करामातल्या आपल्या फ्लॅटमध्ये पालथा पडून सोफ्याखालून वायर ओढत होता. वायर बारा मीटर लांब होती. तिचं एक टोक बेडरूममधल्या कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसलेलं होतं. तिथून दाराखालून, भिंतीच्या कडेने, चपलांच्या रॅकला वळसा घालून ती हॉलमधल्या स्टिरिओपर्यंत आली होती. लाल आणि पांढरी अशा दोन पिना स्टिरिओच्या मागे बसल्या, दत्तप्रसादने आत कॉम्प्युटरपाशी बसवलेल्या मित्राला "ग्रेग, दाब!" अशी हाळी दिली आणि कमरेएवढ्या उंच दोन स्पीकरमधून पुण्याच्या एका गुरुजींचा खणखणीत आवाज आला, "आचमन करावे."

दत्तप्रसादच्या अंगावर काटा आला. भक्तीने नव्हे, आवाजाच्या भरदारपणाने. "ऐकलंस, प्रमिला? खरखर नाही, घरघर नाही. गुरुजी सोफ्यावर बसून बोलतायत असं वाटतं."

"बसू नका म्हणावं, आत्ताच कव्हरं बदललीत," त्याची बायको प्रमिला म्हणाली.

या खटाटोपाला कारण होतं. करामातल्या यच्चयावत मराठी घरांत पूजा सांगायला एकच माणूस होता, अरुणकाका. एरवी ते एका ट्रेडिंग कंपनीत लोकांच्या विसाची कामं बघत. चतुर्थीला मात्र खांद्याला झोळी लावून सकाळी सहापासून घरोघर फिरत. कोणाचा नंबर कधी लागेल ते त्यांचं त्यांनाही माहीत नसे. मागच्या वर्षी खालच्या मजल्यावरच्यांचा गणपती दुपारी चारपर्यंत तोंडावर रुमाल घेऊन ताटकळला होता आणि घरातली मुलं पाव खाऊन झोपली होती.

दत्तप्रसादला यंदा तसं होऊन चालणार नव्हतं. पाळंद्यांचा गणपती यंदा पहिल्यांदाच दुबईत बसणार होता. वडील गेल्यापासून तो धाकट्या सुजीतकडे, ठाण्याला बसायचा. "एकदा थोरल्याकडे बसवून बघू," असं आई म्हणाली आणि महिनाभर आधीच विझिट विसावर येऊन दाखल झाली. पेणची मूर्ती तिने विमानात मांडीवर ठेवून आणली. एअर होस्टेसने वर ठेवायला मागितली, तर आईने तिच्याकडे असं बघितलं की तिने मुकाट्याने पाणी आणून दिलं. सगळं यथासांग झालं तर गणपती यापुढे दरवर्षी दत्ताकडे, नाही तर परत ठाण्याला, हे आईने आल्याआल्या सांगून टाकलं होतं. आणि दत्तप्रसादला तो हवा होता. थोरला असून अकरा वर्षं तो सुजीतकडच्या आरत्या फोनवरच ऐकत आला होता.

मग त्याने पुण्याच्या मावसभावाला कामाला लावलं. त्याने एका गुरुजींना घरी बसवून अख्खी पूजा कॉम्प्युटरवर उतरवली. एकेका टप्प्याची एकेक फाइल, तिला एक ते सोळा असे आकडे, आणि सगळं एका सीडीत भरून कुरियरने पाठवलं. वायर शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात लियाकत नावाच्या मेकॅनिककडून जोडून घेतली. "पंचवीस दिरम, म्हणजे फक्त तीनशे रुपये," दत्तप्रसादने घरी येऊन सांगितलं. त्याच उत्साहात कॉम्प्युटरचे छोटे स्पीकर त्याने वॉचमनला देऊन टाकले. स्टिरिओ असताना त्यांची गरजच काय होती?

तयारीत त्याने कसूर ठेवली नव्हती. पहिली फाइल त्याने कमीत कमी वीस वेळा लावून पाहिली. बाकीच्या पंधरा लावायचं काही कारण त्याला दिसलं नाही. पहिली इतकी सुरेख वाजते आहे तर पुढच्याही वाजणारच.

शुक्रवार होता, त्यामुळे सगळ्यांनाच सुट्टी होती. नऊला पाच मिनिटं कमी असताना दत्तप्रसाद सोवळं नेसून पाटावर बसला. समोर मखर, मखरात रुमालाआडची मूर्ती, मागे खुर्चीवर आई, बाजूला प्रमिला आणि दहा वर्षांची मुलगी ईशानी, आणि पाठीमागे गालिच्यावर ऑफिसातली, बिल्डिंगमधली पंधरा-वीस माणसं. यजमानाने पूजा अर्धी सोडून उठायचं नसतं, म्हणून बेडरूममध्ये कॉम्प्युटरपाशी ग्रेगरीला बसवलं होतं. ग्रेगरी वसईचा, ऑफिसात दत्तप्रसादच्या शेजारच्या टेबलावरचा. त्याला एकच ताकीद होती.

"एकदा सुरू केलंस की पंधरा फाइली वाजून होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. काहीही होवो. माउसला नुसता धक्का लागला तरी स्पीकरमधून टिंग असं वाजतं."

"हात मांडीखाली घेऊन बसतो," ग्रेगरी म्हणाला आणि खरोखरच तसा बसला.

नऊ वाजता गुरुजी सुरू झाले. आचमन झालं, संकल्प झाला. दत्तप्रसाद सांगितलेलं सगळं करत होता, पण त्याचा जीव सगळा कानांत गोळा झाला होता. घंटा उजव्या स्पीकरमधून वाजते आहे, गुरुजी मधोमध आहेत, मागे कुठे तरी पंखासुद्धा ऐकू येतो आहे. त्याने हळूच मान वळवून पाहुण्यांचे चेहरे पाहिले. सगळे भारावलेले दिसले.

"आता देवाला फुले, पत्री आणि दूर्वा वाहाव्यात," गुरुजी म्हणाले.

दत्तप्रसादने वाहिल्या. मूर्तीच्या तोंडावर रुमाल तसाच होता, कारण तो काढा असं कोणी सांगितलं नव्हतं. जास्वंद रुमालावरून घरंगळली. ती त्याने पुन्हा नीट ठेवली. मग धूप झाला, दीप झाला. "नैवेद्य दाखवावा," असं गुरुजी म्हणाले तेव्हा प्रमिला दचकली, कारण वरण अजून गॅसवर होतं. तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई हात जोडून शांत बसल्या होत्या. त्यांना चालतंय म्हणजे बरोबरच असणार, अशा हिशेबाने तिने लगबगीने एकवीस मोदकांचं ताट आणून ठेवलं. लगोलग आरती लागली. स्पीकरमधले झांज-टाळ असे काही घुमले की सगळे उठून टाळ्या वाजवू लागले आणि रुमाल घेतलेल्या गणपतीची आरती दणक्यात पार पडली. दत्तप्रसादच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका स्वच्छ टाळ त्याने आयुष्यात ऐकला नव्हता.

मंत्रपुष्पांजली झाली. मग गुरुजींचा आवाज जरा हळवा झाला.

"आता मूर्तीवर अक्षता टाकून मूर्ती किंचित उत्तरेकडे सरकवावी. पुनरागमनाय च."

दत्तप्रसादने अक्षता टाकल्या आणि मूर्ती दोन बोटं सरकवली. मागे पाहुण्यांनीही सवयीने अक्षता उधळल्या. पूजा संपली असं समजून दोघं-तिघं पाय मोकळे करायला उठले, कोणी तरी मोदकांचं ताट फिरवलं आणि चिमण्या हातांनी ते भराभर रिकामं होऊ लागलं.

"आजी, इज इट ओव्हर? कॅन आय ईट?" ईशानीने विचारलं.

आजीने काही उत्तर द्यायच्या आत दोन्ही स्पीकर पुन्हा खणखणले. "आता पूजेला आरंभ करू. प्रथम कलशाची पूजा करावी."

 तोंडातले मोदक तोंडातच राहिले. आणि त्या सकाळी पहिल्यांदाच दत्तप्रसादने आवाज न ऐकता शब्द ऐकले. आपण देवाला बोलावण्याआधीच निरोप देऊन बसलो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं.

"ग्रेग, थांबव! बंद कर ते!"

"तू हात लावू नको म्हणालास," आतून उत्तर आलं.

मग यजमानाने उठायचं नसतं हे विसरून दत्तप्रसाद ताडकन उठला. सोवळ्याचा सोगा सावरत तो बेडरूमकडे धावला आणि रॅकपाशी त्याचा पाय वायरमध्ये अडकला. लाल पीन एकीकडे, पांढरी दुसरीकडे, वायर तिसरीकडे. चपला सगळीकडे झाल्या. स्पीकरमधून एक लांबलचक घूंऽऽ असा आवाज आला आणि पुण्याचे गुरुजी गप्प झाले.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर यादी दिसत होती. एक, मग दहा, अकरा, बारा असं करत सोळा, आणि त्याच्याखाली दोन, तीन, चार. कॉम्प्युटर नुसता पहिला आकडा बघत होता. एकाने सुरू होणारे सगळे त्याने आधी घेतले होते. सोळावी उत्तरपूजेची फाइल तर उद्या विसर्जनाला लावायची होती.

"अरे, एकानंतर दहा कसं येईल? तुला दिसलं नाही?"

"दिसलं ना," ग्रेगरी मांडीखालून हात काढत म्हणाला. "मला वाटलं, तुमच्यात तसंच असेल. मी क्रिश्चन माणूस, तुमच्या देवाला काय सांगणार?"

दत्तप्रसादने कपाळावर हात मारून घेतला आणि मोबाइल उचलला. ज्या अरुणकाकांना त्याने आठ दिवसांपूर्वी, "काका, तुम्ही दमता, आमच्याकडे यंदा कॉम्प्युटर आहे," असं ऐकवलं होतं, त्यांनाच फोन लावायचा होता. काका बर दुबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. मागे हॉर्न वाजत होते आणि काकांचा घसा पार बसला होता.

"उत्तरपूजा झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली, काका."

"मूर्ती हलवलीस?"

"दोन बोटं."

"आणि प्राणप्रतिष्ठा?"

"ती राहिलीय. आता आजच विसर्जन करायला लागेल का हो? आई एवढ्या लांबून घेऊन आलीय."

 मग काकांमधला विसाचा माणूस बोलू लागला. "दत्तोबा, एन्ट्री स्टॅम्पच नाही तर एक्झिट कोण मारणार? जो आलाच नाही तो जाईल कसा? झालं ते कॅन्सल धर आणि पहिल्यापासून सगळं नीट कर. खलास. पण मला बोलावू नको, मला अजून अकरा घरं आहेत. इन्शाल्ला पाचला मोकळा होईन."

देवाचं निभावलं. पण पूजा पहिल्यापासून करायची तर सांगणार कोण? वायर तुटली होती, शुक्रवारचं लियाकतचं दुकान बंद होतं आणि छोटे स्पीकर खाली वॉचमनच्या खोलीत कव्वाल्या वाजवत होते, वॉचमन मात्र खोलीला कुलूप लावून नमाजाला गेला होता. दत्तप्रसाद हॉलमध्ये परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. आता गणपती ठाण्याला जाणार, हे त्याने मनोमन धरूनच टाकलं.

"आई, चुकलं," तो म्हणाला. "सगळं उलटंसुलटं झालं."

"ते मला फुलं वाहिलीस तेव्हाच कळलं," आई म्हणाली. "पण म्हटलं, इथली पद्धत असेल. सुट्टी शुक्रवारी, गाड्या उजवीकडून, लिहितात उजवीकडून. म्हटलं, पूजाही शेवटाकडून करत असतील. बस पाटावर. मी सांगते."

"तुला येते?"

"सेहेचाळीस वर्षं तुझ्या बाबांच्या मागे बसून कोण सांगत होतं? मी हळू म्हणायची, ते मोठ्याने म्हणायचे. त्यांना कुठे पाठ होतं? गंध आधी की फूल आधी, इथून तयारी."

"मग महिनाभर बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? आल्यापासून मी त्या वायरचंच ऐकतेय."

 पुण्याहून सीडी आली होती, शारजाहून वायर आली होती, आणि पूजा घरातच, बेडरूमच्या पलंगावर महिनाभर झोपत होती. दत्तप्रसाद निमूट पाटावर बसला.

आईने खुर्ची पुढे ओढली आणि आधी रुमाल काढायची वेळ कधी येते ते बजावलं. मग ती सांगू लागली. आवाज बारीक होता, मध्येच खोकला येत होता, पण एकही शब्द अडत नव्हता. दत्तप्रसाद आता शब्दन्‌शब्द ऐकत होता, कारण चुकला की लगेच बोलणी बसत होती. प्राणप्रतिष्ठा झाली, रुमाल निघाला आणि पेणहून आलेले ते डोळे दिसले तेव्हा हॉलमधली सगळी माणसं आपोआप उभी राहिली. नैवेद्याला प्रमिलाने आत झाकून ठेवलेले पाच मोदक आले. पाहुण्यांचा तिला अनुभव होता.

ग्रेगरीने मात्र या वेळी हात मांडीखाली ठेवले नव्हते. भारतात गप्पा मारायला आणलेला माइक त्याने दाराच्या कडीला बांधला आणि सगळी पूजा कोणाला न विचारता कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. एकेक टप्पा संपला की तो नवी फाइल करी आणि प्रत्येक एकेरी आकड्याच्या आधी शून्य घाली, म्हणजे एकानंतर दोनच यावा.

जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "सुजीतला फोन लाव."

दत्तप्रसादने फोन लावून दिला आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. पण ऐकू यायचं ते आलंच.

"हो रे, छान झाली. दोनदा झाली," आई सांगत होती. "नाही, पुढच्या वर्षीही इथेच. तुझ्याकडे सगळं येणारे गुरुजी आहेत, मला तिथे कोण विचारतं? इथे यांना काही येत नाही. मला काम आहे."

पाचला अरुणकाका आले ते खुणांनीच बोलत, घसा पूर्ण गेला होता. ग्रेगरीने त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी कागदावर लिहून एक कॉपी मागितली. काकांकडून ती खालच्यांकडे गेली, खालच्यांकडून शारजाला आणि तिथून कुठे कुठे ते ग्रेगरीलाही सांगता येईना. पुढच्या चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास घराघरांतल्या स्टिरिओंमधून एकच बारीक आवाज येत होता. "आता देवाला गंध लावावे. दत्ता, पाठ सरळ कर. आणि ते गंध मधल्या बोटाने, चटणी चाखतोयस का?" आणि ठिकठिकाणचे जाधव, नाईक, सोवनी पाटावर पाठ ताठ करून मुकाट्याने बोट बदलत होते. खुद्द दत्तप्रसादला मात्र ते दोनदा ऐकावं लागलं, एकदा समोरच्या स्पीकरमधून आणि एकदा मागच्या खुर्चीवरून.