फ्लोरेन्समधला रुमाल

नामदेवकाकांचा रुमाल नाक पुसण्यासाठी नसतो, जागा धरण्यासाठी असतो. नागपूरच्या मनीषनगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या या गृहस्थांनी लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यातल्या बाकावर, रामटेकच्या एसटीत खिडकीतून हात घालून, जिथे म्हणून बूड टेकता येईल तिथे रुमाल टाकलेला आहे. "रुमाल पडला का जागा आपली," हा त्यांचा कायदा.

दुसरी खोड म्हणजे बायकोच्या पुढे चालणे. शेवंताकाकूंचे गुडघे गेलेले. त्या मागून डुलत येत असतात आणि काका केव्हाच वळणाआड झालेले असतात. सगळी कॉलनी यावरून त्यांना नावं ठेवते. त्यात माझी बायको पहिली.

आम्ही दोन्ही घरं एकाच सहलीत इटलीला गेलो, हे माझं नशीब.

फ्लोरेन्सला पोहोचलो तेव्हा माझ्यात काही उरलं नव्हतं. पाय सुजलेले, झोप बसमध्ये तुकड्यातुकड्यानं झालेली, आणि गाइड म्हणे, ऊन उतरायच्या आत टेकडीवर चला, तिथून सगळं शहर दिसतं. मला त्या वेळी फक्त खाट दिसत होती. टेकडीला पुन्हा पायऱ्या. काका मात्र बस थांबताच सुटले.

मी धापा टाकत वर गेलो तर कठड्याजवळच्या बाकावर त्यांचा चौकड्याचा रुमाल पसरलेला. एक गोरी मुलगी तो उचलून, तुमचा पडलाय अशा खुणा करत काकांना देत होती. काकांनी मान डोलावून घेतला आणि परत तिथेच टाकला. मग एका म्हाताऱ्यानं उचलून दिला.

"मानसं चांगली आहेत," काका म्हणाले, "पण कायदा मालूम नाही यायले."

समोर नदी, तिच्यावरचे पूल, मधोमध लाल घुमट आणि सगळ्यावर तिरपं ऊन. एवढा दमलो होतो तरी मला भरून आलं. काका मात्र शहराकडे पाठ करून पायऱ्यांकडे बघत बसलेले. मला वैतागच आला. नागपूरहून इतक्या लांब येऊन हा माणूस जिना बघतोय. मी म्हटलं, काका, मागं तर वळा.

"ते येऊ दे, मंग पाहातो."

काकूंना वेळ लागेल, कदाचित येणारही नाहीत, तोवर ऊन जाईल, असं मी समजावलं. त्यांनी रुमालाची सुरकुती सारखी केली.

"मी आंधी पाहून घेतलं तं मंग तिले दाखवतच बसन गा. संगं पाहनं राहूनच जाते. जिंदगीभर पुढं जाऊन जागाच धरली मी."

मी शेजारी बसलो. खाली गाइडनं झेंडा हलवून माणसं गोळा करायला सुरुवात केली, तसे काका दोनदा उठले आणि दोनदा बसले.

शेवटी माझ्या बायकोचा खांदा धरून काकू वर आल्या. घामाघूम, चिडलेल्या. येऊन रुमालावर बसल्या. तेव्हा कुठे काका वळले. घुमटाच्या टोकावर थोडं ऊन अजून शिल्लक होतं.

काकूंनी पदरानं घाम पुसत समोर पाहिलं. मग म्हणाल्या, "ते लाल लाल कायचं आहे वो?"

"मले का मालूम वं," काका म्हणाले. "मी बी आत्ताच आलो न."