आप्पा मयेकरांचं कुलूपसंशोधन

नव्या नवरीचं तोंड बघायला सगळी वाडी लोटली होती. आप्पा मयेकर तेवढे माझ्या ट्रंकेचं कुलूप बघायला आले. ओटीवर चढले, माझ्याकडे ढुंकूनही न बघता ट्रंकेपुढे उकिडवे बसले, दोन बोटांनी कुलूप तोललं आणि सासूबाईंना म्हणाले, "अलीगढचं आहे. आतलं काम चोख. मुलीचं माहेर चांगलं दिसतं." माझा रंग, माझी उंची आणि माझं घाटावरचं बोलणं यांवर वाडीत पुढे महिनाभर चर्चा चालली. पण माझ्या बाजूने पडलेलं पहिलं मत हे असं कुलपाच्या शिफारशीवर पडलं.

आप्पा आमचे शेजारी. मालवण बंदरावर कस्टमात कारकुनी करून निवृत्त झालेले, एकटे. तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि मुंबईची माणसं आगबोटीने यायची-जायची. उतारूंच्या पेट्या तपासता तपासता आप्पांना आतल्या मालापेक्षा बाहेरच्या कुलपाची गोडी लागली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला 'कुलपाचा इतिहास व भवितव्य' या विषयाला वाहून घेतलं. मासळी, पाऊस, गुडघेदुखी यांवर ते आमच्यासारखंच मालवणी बोलत, म्हणजे मी सोडून सगळ्यांसारखं. संशोधनाचा विषय निघाला की मात्र कचेरीतली शुद्ध मराठी बाहेर यायची.

"पहिलं कुलूप चोरासाठी झालेलं नाही, सूनबाई. ते बकरीसाठी झालं. साधी कडी बकरीला उघडता येते. चोर ही नंतरची सुधारणा."

मला हसू आवरायचं नाही. ते रागवत नसत. "तो भाग निराळा," असं म्हणून ते सरळ पुढच्या शतकात शिरत. "पुढे किल्ली नाहीशी होईल. माणूस दारापुढे उभा राहील आणि दार त्याला ओळखून आपण होऊन उघडेल."

"लगीन झाल्यापासून माझो झील माका वळखणा नाय," सासूबाई मुलाला नावं ठेवत, माझ्याकडे बघत म्हणाल्या, "दार खंयसून वळखतला?"

समोरच्या घरातला बाबलो वाडीचा बोलका माणूस. त्याने वेगळीच अडचण काढली. "आणि दारू पिऊन इलो तर?"

यावर आप्पा दोन दिवस गंभीर होते. तिसऱ्या दिवशी मुद्दाम बाबलोच्या दारात जाऊन सांगून आले, "दारू प्यालेल्यासाठी स्वतंत्र प्रकरण लिहावं लागेल."

अशा माणसाला वाडीने वेड्यात काढलं होतं आणि त्याच हिशेबाने त्याच्यावर विश्वासही टाकला होता. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्यांची घरं बंद असायची. आगबोट पकडायला निघालेला माणूस घराला कुलूप लावायचा आणि किल्ली आप्पांच्या हवाली करायचा. त्यांच्या ओटीवरच्या भिंतीला खिळे होते आणि खिळ्यांना वाडीतल्या सगळ्या बंद घरांच्या किल्ल्या. एकीलाही नावाची चिठ्ठी नव्हती; कुठली कुणाची ते आप्पांच्या बोटांना ठाऊक. रोज ते एखादं घर उघडत, केर काढत, खिडक्या लावत-उघडत आणि बराच वेळ आतच असत. इतका वेळ आत काय करत, ते कुणी विचारलं नाही. फुकट काम करणाऱ्याला कोण विचारतो?

विचारत ते एकच. "आप्पानू, चावयेशिवाय कुलूप उघडूक येता तुमका?"

"छे छे! माका खंय येता?" आप्पा घाईघाईने म्हणत.

एवढ्या मोठ्या विषयातलं हे एकच उत्तर ते मालवणीत देत. मला ते खटकायचं, पण मी सोडून दिलं. माझी मुलगी शालू तेव्हा पाच वर्षांची होती आणि मला इतर व्याप पुष्कळ होते.

पावसाळा संपून ऊन कडकडीत पडायला लागलं होतं. सासूबाईंनी सासऱ्यांची गलबतावरची पेटी उघडली, गोधड्या आणि लुगडी उन्हात टाकायला काढून दिली आणि स्वतः होडीने देवबागला बहिणीकडे निघाल्या. किल्ल्यांचा जुडगा कमरेलाच. घराबाहेर पडताना बजावलं, "झाकण पाडू नको गो. ता आपणच लागता. मगे चावी घेवक देवबागाक येवचा लागात."

पेटी सागवानी, लोखंडी पट्ट्यांची, माणूस मावेल एवढी. समुद्राचं पाणी आत जाऊ नये म्हणून झाकण असं घट्ट बसवलेलं की फटीत नख शिरायचं नाही. कुलूप खटक्याचं, झाकण पडलं की आपोआप बसणारं. गोधड्या बाहेर पडल्या आणि पेटी रिकामी झाली. वाडीतली पोरं लपाछपी खेळत होती. मी विहिरीवर होते. आतून धाडकन आवाज आला आणि पाठोपाठ बाबलोची पोर ओरडत धावत आली, "काकी, शालू पेटयेत गेला!"

मी कशी धावले ते आठवत नाही. झाकणाला दोन्ही हात लावून ओढत होते आणि आतून, लांबच्या घरातून यावी तशी, तिची हाक येत होती. "आई. आई." यजमान शाळेत शिकवत होते. वाडी जमली. एकजण देवबागची होडी गाठायला पळत सुटला. तो जाऊन येईपर्यंत काय होईल, हे तिथे उभं असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. बाबलोने कुऱ्हाड आणली आणि पहिलाच घाव घातला. कुऱ्हाड लोखंडी पट्टीवरून घसरली, पेटीला खरचटलंसुद्धा नाही आणि आत शालू अशी किंचाळली की बाबलोने कुऱ्हाड टाकून दिली. जोर लावून फोडावी तर आत मूल. न फोडावी तर आत वारा नाही. तिचं किंचाळणं थांबलं आणि मी झाकणाला कान लावला.

तेवढ्यात आप्पा आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पेटीपुढे उकिडवे बसले आणि कुलपावर बोट फिरवलं. मग मान वर करून म्हणाले, "सगळ्यांनी भायर व्हा."

कुणी हललं नाही. "भायर कित्याक?" बाबलो म्हणाला. "मदत लागात म्हणान रवलंव आमी. आणि तुका उघडूक खंय येता?"

आप्पांनी सगळ्यांची तोंडं एकदा पाहून घेतली. त्यातल्या बहुतेकांच्या भावा-काकांच्या घरांच्या किल्ल्या त्यांच्या भिंतीवर होत्या. ते का थांबलेत हे मला कळेना. मी ओरडले, "आप्पा, काहीतरी करा हो!"

त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि टोकाला वाकवलेली एक बारीक तार काढली. कान कुलपाला लावला. "गप रवा. माका आयकाक होया."

शालू आत पुन्हा रडायला लागली होती. आप्पांनी झाकणाला तोंड लावलं. "चेडवा, बोला नको. रडा नको. बोटान टकटक कर. मी हयसर आसंय."

आतून टकटक येत होती. आप्पांची तार फिरत होती, थांबत होती, परत मागे येत होती. त्यांच्या नाकावरून घाम कुलपावर ठिबकत होता. टकटक सावकाश झाली. मग एक आली, आणि पुढची येईना. मी तोंडात पदर कोंबला. आप्पा पुटपुटले, "रव गो बाये, रव," आणि खटका सुटला.

शालूचे ओठ निळे पडले होते. तिला उचलून अंगणात आणलं, तिने एक लांब श्वास ओढला आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही. बायका रडल्या, मी आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. मान वर केली तेव्हा दिसलं की बाबलो शालूकडे बघत नव्हता. तो आप्पांच्या हातातल्या तारेकडे बघत होता.

"आप्पा," तो म्हणाला, "ही तार कधीपासना आसा तुझ्याकडे?"

आप्पांनी तार खिशात ठेवली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं त्यांच्या ओटीवर यायला लागली. भांडण नाही, वाईट शब्द नाही. कुणी म्हणे, "काकान पत्र धाडल्यान, चावी घरच्याच माणसाकडे होयी." कुणी म्हणे, "तुमका ह्या वयात तरास कित्याक?" आप्पा खिळ्यावरून किल्ली काढत, देत, वर शुद्ध मराठीत सूचना करत, "खाऱ्या वाऱ्याने गंजतं. तेल घालत जा." आठवडाभरात भिंतीला नुसते खिळे राहिले. काहींनी तर बाजारातून नवी कुलपं आणून लावली.

सासूबाई देवबागहून आल्या, आधी माझ्यावर तोंड टाकलं आणि मग पाणंदीत उभ्या राहून वाडीवर. "मेल्यांनू, इतकी वर्सां तेका उघडूक येत होता, आणि तेना कोणाचा एक भांडा हलवूक नाय! जेका येणाच नाय, तेना चोरी करूक नाय तर तेचा कवतिक कसला?" बोलल्या ते लाख मोलाचं होतं. पण किल्ली एकही परत आली नाही.

माझी चिडचिड होत होती. माझं मूल घरात खेळत होतं आणि त्याची किंमत एका म्हाताऱ्याने मोजली होती, तीही सगळ्यांच्या देखत.

एकदा दिवेलागणीच्या सुमाराला मी आमचं वासरू शोधत परबांच्या आवारात शिरले. परब मुंबईला, घर बंद. पायरीवर आप्पा बसलेले, दाराकडे तोंड करून, आणि बोलत होते.

"मागल्या बाजूची कौलां सरकली हत. आंब्याची फांदी कापूक होयी. माझ्याकडे आता चावी नाय, बाबलाकडे आसा. म्हणान भायरसून सांगतंय. रागावा नको."

वाळलेली पानं माझ्या पायाखाली वाजली. ते दचकून वळले आणि एकदम कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "रिकाम्या घरात माणसाचा आवाज असावा लागतो, सूनबाई. नाहीतर वाळवी लागते. संशोधनाचा भाग आहे."

आता मला हसू आलं नाही. रोज एका घरात जाऊन हा माणूस तिथल्या माणसांशी गप्पा मारून येत होता. घरातली माणसं मुंबईला होती, एवढंच.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. "आप्पा, त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं ना, असं होणार म्हणून?"

"ठावक होता," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. आप्पांनी शालूचं विचारलं, "चेडू जेवला?"

"जेवली."

त्यांनी मान डोलावली. मग दाराकडे वळले आणि आत कुणी वाट बघत असावं अशा आवाजात म्हणाले, "चेडू जेवला हां. बरा आसा."