अठरा वर्षं गाडीवर

प्रूफरीडरना छापखान्यात सगळे 'पार्सल' म्हणत, आणि तेही तोंडावर. ह्याला कारण त्यांची बायको. ती घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त काढून आणायची, त्यामुळे दिवसभर स्कूटरवर. सकाळी कामावर निघताना ती नवऱ्याला छापखान्याच्या फाटकाशी उतरवायची आणि संध्याकाळी तिथूनच उचलायची. लग्न झाल्यापासून अठरा वर्षं हा नेम चुकला नव्हता. तिची स्कूटर लांबून दिसली की वॉचमन आत वर्दी द्यायचा, "पार्सल आलं हो."

प्रूफरीडर ह्यावर हसत. पण माणूस हसतो म्हणजे त्याला लागत नाही, असं थोडंच आहे? त्यात एक दिवस खुद्द मालकांनी एका गिऱ्हाइकासमोर सांगितलं, "कागद इथंच ठेवा, आमचं पार्सल बघून देईल." गिऱ्हाइकानं भोळेपणानं विचारलं, "कुठं पाठवायचंय?" त्या दिवशी मात्र प्रूफरीडरना हसू आलं नाही.

स्कूटरनंही तोच मुहूर्त साधला. मेकॅनिकनं तिच्या इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "आता हिला सुखानं जाऊ द्या." घरी आल्याआल्या प्रूफरीडरनी जाहीर केलं, "नवी गाडी मी पसंत करणार. आणि चालवणारही मीच."

"चालवा की," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

भांडण एवढ्यात मिटलं हेच त्यांना आवडलं नाही. इतकी वर्षं मनात घोकलेली वाक्यं तशीच पडून राहिली. म्हणून ते पुढे म्हणाले, "आणि स्कूटर नाही घेणार. मोटरसायकल. स्पोर्ट मोटरसायकल. सहाशे सीसीची."

आता बायकोनं मान वर केली. "मी पाच सीसी रक्त काढते तर माणसं भिंतीकडे तोंड करतात. तुम्हाला सहाशे कशाला हवंय?"

"अगं, ते इंजिनाचं माप असतं."

"मग स्वतःचंही माप बघा. पहिल्यांदा सुई धरणाऱ्या पोरीला आम्ही तान्ह्या बाळाची शीर शोधायला लावत नाही. चांगला दणकट माणूस बघून देतो, शीर अशी दोरीसारखी. झेपेल ती गाडी घ्या, शिका, मग मोठी बघा."

"पहिल्यांदा? अठरा वर्षं गाडीवर काढलीत मी."

"काढलीत खरी," बायको म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

लायसन्स होतं त्यांच्याकडे. तरुणपणी मामेभावाच्या मोपेडवर मैदानाला चार चकरा मारून मिळवलेलं. पुढे ते नुसतं ओळखपत्र म्हणून दाखवण्याच्या कामाला आलं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसं झालं होतं. शनिवारी गाड्यांचं दुकान उघडायच्या आधी दोघं दारात हजर. जुन्या स्कूटरचा स्टँड मोडलेला, तिला टेकवायला भिंत शोधत बायको बाहेर राहिली आणि प्रूफरीडर एकटेच आत शिरले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. प्रूफरीडर खोटं बोलत नसत. तत्त्वबित्त्व काही नाही, सवय. औषधांच्या खोक्यात जे घडी घातलेलं माहितीपत्रक असतं ना, जे आपण कुणी वाचत नाही, ते वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. तिथं एक शून्य जास्त पडलं तर माणूस जातो.

गळ्यात टाय अडकवलेला एक सेल्समन पुढे आला. "सर, आधी एक विचारतो, राग मानू नका. गाडीवर किती वर्षं झाली? त्यावर सगळं ठरतं. नवख्या माणसाला आम्ही ही कोपऱ्यातली बारकी देतो. हलकी आहे, गरीब आहे, चूक झाली तर सांभाळून घेते."

'नवख्या' हा शब्द प्रूफरीडरना झोंबला. "अठरा वर्षं," ते म्हणाले. "रोज. ऊन असो, पाऊस असो."

"अरे वा. पडलात कधी?"

"एकदाही नाही."

"डोंगरातल्या रस्त्यानं वगैरे गेलाय?"

"कितीतरी वेळा. वळणं फार आली की मी डोळे मिटून घेतो."

सेल्समन हसला. मग हसायचा थांबला. "डोळे मिटून?"

"सवयीचा रस्ता असला तर डुलकीही लागते कधी कधी."

"आणि हँडल, सर?"

"हँडलला मी हात लावत नाही," प्रूफरीडर म्हणाले. "हातात काहीतरी असतंच ना. एकदा तर चार फुटी आरसा आणला होता, दोन्ही हातांनी धरून. भर बाजारातून."

इथं एक शब्द घातला असता तर सगळं इथंच निस्तरलं असतं. 'मागे' हा तो शब्द. दुसऱ्यांच्या मजकुरातले गाळलेले शब्द शोधण्याचा पगार घेणाऱ्या ह्या माणसानं नेमका स्वतःचा शब्द गाळला. विसरले म्हणावं तर तसंही नाही. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत आपल्याविषयी इतका आदर त्यांनी आजवर पाहिला नव्हता, आणि तो जरा वेळ राहावा असं त्यांना वाटलं. कुणालाही वाटेल.

सेल्समन धावत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरनं प्रूफरीडरचा हात दोन्ही हातांत धरला. "सर, त्या कोपऱ्यातल्या गाडीकडे तुम्ही बघूसुद्धा नका. अपमान होईल. तुमचा नाही, आमचा." आणि त्यानं त्यांना मधल्या चौथऱ्याकडे नेलं. तिथं एक लालभडक धूड उभं होतं. त्याच्याभोवती एक दाढीवाला तरुण घुटमळत होता. "हजार सीसी," मॅनेजर म्हणाला. "हिला पेलणारा माणूस आजवर आमच्या दारात आला नव्हता."

तेवढ्यात बायको आत आली. मॅनेजर तिच्याकडे वळला. "या वहिनी. सरांनी सांगितलं आम्हाला सगळं. अठरा वर्षं गाडीवर, हँडलला हात न लावता, डोळे मिटून. खरंच का हो?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा गाडीचं टायर फार लक्ष देऊन बघत होता.

"अक्षर न् अक्षर खरं आहे," बायको म्हणाली. "मी होते ना गाडीवर."

"बाप रे. तुम्हाला भीती नाही वाटायची?" दाढीवाल्यानं विचारलं.

"मला? मला कशाची भीती?" असं म्हणून तिनं एक खुर्ची ओढली, पर्स मांडीवर घेतली आणि पुढे काय होतंय ते बघायला ती ऐसपैस बसली.

एक चक्कर मारून याच, असा मॅनेजरनं आग्रह धरला. भीड भिकेची बहीण, पण ती इतकी धडधाकट असते हे प्रूफरीडरना माहीत नव्हतं. लाल धूड ढकलत दाराबाहेर नेण्यात आलं. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट बसवण्यात आलं. ते कसेबसे वर चढले. पाहतात तो त्या गाडीवर बसायचं म्हणजे जवळजवळ पालथं पडायचं, आणि पाय म्हणावे तर जमिनीला फक्त चवडे लागत होते. त्यांनी स्टँड काढला, आणि गाडीनं सावकाश डावीकडे कलायला सुरुवात केली. त्यांनी जोर लावला. गाडीनं दाद दिली नाही. सेल्समन आणि मॅनेजर दोघांनी झेप घेऊन ती सावरली.

"वजन अजमावतायत," मॅनेजर दाढीवाल्याच्या कानात म्हणाला.

मग कुणीतरी इंजिन चालू केलं. त्या आवाजानं दुकानाच्या काचा थरथरल्या. खुर्चीवरची बायको उठून दारात आली. मघाचं हसू तिच्या चेहऱ्यावर राहिलं नव्हतं. "अहो," ती म्हणाली, "पुरे."

पण आता बघ्यांची गर्दी जमली होती. उतरावं तर नाक कापलं जातं, निघावं तर मान मोडते. अशा वेळी माणसाला जे येतं तेच तो करतो. प्रूफरीडर म्हणाले, "अनोळखी गाडीवर मी आधी मागे बसतो."

"ऐकलंत?" मॅनेजर दाढीवाल्याला म्हणाला. "ह्याला म्हणतात पद्धत." आणि त्यानं सेल्समनला पुढे बसायची खूण केली. सेल्समनचा चेहरा पडला, पण नोकरी ती नोकरी.

मागच्या सीटला सीट म्हणणं ही शुद्ध छपाईची चूक होती. साबणाची वडी तिच्यापेक्षा ऐसपैस असते. पण त्या वडीवर बूड टेकलं आणि प्रूफरीडरचा जीव भांड्यात पडला. ही जागा त्यांच्या ओळखीची होती. गाडीनं हिसका देऊन उडी घेतली तेव्हा सेल्समनच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. प्रूफरीडरच्या तोंडून मात्र शब्द निघाले. "क्लच एकदम सोडू नकोस. हं. आता डावीकडे खड्डा आहे, त्याच्याकडे बघू नकोस, बघशील तर तिकडेच जाशील. रस्त्याकडे बघ. पुढे गतिरोधक. आत्तापासून हळू. रिक्षा वळणार आहे, हात दाखवणार नाही, पण वळणार. बघ, वळली."

दुकानामागच्या रस्त्यानं एक फेरी घेऊन दोघं धडपणी परतले. सेल्समन उतरला तो खांबाला धरून उभा राहिला. "साहेब, सरांनी मागे बसून मला चालवून आणलं," तो मॅनेजरला म्हणाला. मग प्रूफरीडरच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "मी स्वतः सायकलनं येतो हो, सर. ही गाडी मी फक्त पुसतो."

आता काय राहिलं होतं? 'विचार करून कळवतो' एवढं म्हणायचं आणि घरची वाट धरायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रूफरीडरनी तोंड उघडलंही होतं. पण मध्येच तो दाढीवाला म्हणाला, "सर, तुम्ही घेत नसाल तर ही मी घेतो. मला चालवायला लागून अजून वर्ष नाही झालं. घ्यावी की नको ते ठरत नव्हतं. पण तुमच्याकडे बघून धीर आला."

प्रूफरीडरनी तोंड मिटलं. आपण गाळलेला शब्द आता छापून बाहेर पडणार, हे त्यांच्या लक्षात आलं. पोराच्या हनुवटीवरची दाढीसुद्धा नवीनच होती.

"थांबा," ते म्हणाले. "माझा एक शब्द राहिलाय. मी अठरा वर्षं गाडीवर आहे, पण मागे. पुढे ह्या बसतात." आणि त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. "डोळे मिटतो तो मागे. झोपतो तो मागे. आरसा धरला होता तोही मागेच बसून. ही गाडी मला उभीसुद्धा धरता आली नाही, ते तुम्ही बघितलंत. माझ्याकडे बघून कुणी काही घेऊ नका."

मॅनेजर दाराकडे बघत होता. हसावं की नाही हे लोकांचं ठरत नव्हतं. प्रूफरीडरचे कान लाल झाले होते, हेल्मेट होतं म्हणून ते दिसले नाहीत. "मला ती कोपऱ्यातली बारकी दाखवा," ते सेल्समनला म्हणाले. "नवख्यांची."

दाढीवाल्यानं लाल गाडीवरून एकदा हात फिरवला. मग तो सेल्समनच्या मागे मागे कोपऱ्यात गेला. "तसली अजून एक आहे का?" तो विचारत होता.

बायकोनं त्याबद्दल घरी एक अक्षर काढलं नाही. रोज पहाटे ती नवऱ्याला मोकळ्या मैदानावर घेऊन गेली, आणि सुई शिकवतात तशी त्यांना गाडी शिकवली: आधी नुसतं धरायला, मग हलकेच, मग न थरथरता. बारकी गाडी खरंच गरीब होती. तिनं त्यांना तीनदा पाडलं, पण तिन्ही वेळा गवतात.

आणि मग एका सोमवारी प्रूफरीडर पुढे बसले. बायको रक्ताच्या नळ्यांचा डबा पोटाशी धरून मागे. सगळा रस्ता तिच्या एका हाताची बोटं त्यांच्या बरगड्यांत रुतत गेली. छापखान्याच्या फाटकाशी गाडी थांबली. हेल्मेटातला माणूस वॉचमनला ओळखू आला नाही. "कोण पाहिजे?" त्यानं विचारलं. प्रूफरीडरनी हेल्मेट काढलं. वॉचमन आत वर्दी द्यायला वळला, पण काय वर्दी द्यावी ते त्याला सुचेना, म्हणून तो तसाच उभा राहिला. ज्या क्षणाची अठरा वर्षं वाट पाहिली तो क्षण हाच. प्रूफरीडर दिमाखानं उतरले आणि मागे वळले.

बायको अजून सीटवरच होती. पांढरीफटक.

"अहो," ती म्हणाली, "हे असं असतं?"

"काय?"

"मागे बसणं. समोर नुसती पाठ. खड्डा आधी लागतो आणि मग कळतो. हातात काहीच नाही. तुम्हाला माझ्यामागे भीती वाटायची?"

प्रूफरीडरना खोटं बोलायची सवय नव्हती. "पहिली चार वर्षं वाटली," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोलायचो की. रोज बोलायचो. वाऱ्यात तुला ऐकू जात नसे."

"आणि चार वर्षांनंतर?"

"नंतर वाटली नाही," ते म्हणाले. "गाडी तू चालवत होतीस ना."

डबा नीट बांधून बायको पुढच्या सीटवर सरकली, कारण गाडी एकच होती आणि माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला तिची वाट बघत होती. तिनं हँडल धरलं, आरसा आपल्यापुरता फिरवला.

"संध्याकाळी मी घ्यायला येते," ती म्हणाली. "पण घरी जाताना तुम्हीच चालवा. माझी चार वर्षं आजपासून सुरू."